दिवाणी दाव्यातला अंतिम युक्तिवाद कसा तयार करावा? कर्नाटकातल्या खानापूरच्या एका ज्युनिअर वकिलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "चार वर्षं खानापूर कोर्टात ज्युनिअर म्हणून काम करतो. सीनियर आजारी पडल्यानं वाटणीच्या एका दाव्यात शेवटचा युक्तिवाद मलाच करायचा आहे. आम्ही वादी बहिणीकडून, समोर तिचे दोन भाऊ. साक्षीपुरावा संपला, केस आर्ग्युमेंटला लागली. सिनेमात दिसतं तसं प्रभावी बोलायचं कसं? माझं कन्नड अडखळतं, त्याचं काय करू?"

सिनेमाचं आधी संपवू. पडद्यावरचा तो वकील ज्युरीत बसलेल्या सामान्य माणसांशी बोलत असतो. आपल्याकडे दिवाणी दाव्याला ज्युरी नाही. समोर एकच माणूस असतो, तो कायदा शिकलेला असतो आणि त्याच्या टेबलावर त्या दिवसाच्या बोर्डातल्या आणखी कितीतरी फाइली असतात. तुमचं बोलणं ऐकून त्याचे डोळे पाणावले तरी संध्याकाळी त्याला निकालपत्र लिहायचंच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 20, नियम 5 प्रमाणे प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष आणि त्याची कारणं द्यावी लागतात. ती कारणं लिहिताना त्याचा हात तुमच्या टिपणाकडे गेला, तर तुमचा युक्तिवाद पटला असं समजा. बेळगावात तीस-एक वर्षं दिवाणी बाजू चालवून मला हे एवढंच नीट कळलंय, आणि खालचं सगळं त्यातूनच निघतं.

तुमच्या दाव्याची फाईल मी बघितलेली नाही. आपल्या भागात असले दावे साधारण ज्या साच्याचे असतात तसा एक घेतो. मलप्रभेकाठची 6 एकर 12 गुंठे भातजमीन, आजोबांपासून आलेली. वडील 2011 साली वारले, आई त्यांच्या आधीच गेली. दोन भाऊ गावात, बहीण 1989 साली चंदगड तालुक्यात दिलेली. भावांची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, अशी: 1998 सालीच तोंडी वाटणी झाली, तेव्हापासून आम्ही वेगळे कसतो, आणि 2012 साली वारसा वर्दी (वारसांच्या नावांची नोंद) पडताना बहिणीनं तलाठ्यासमोर "माझी हरकत नाही" असा जबाब दिला. शिवाय दावा अर्जीच्या दुसऱ्या परिशिष्टात थोरल्या भावानं 2009 साली खानापुरात घेतलेला प्लॉटही घातलेला आहे.

आता तयारी. कोर्टानं काढलेले मुद्दे, म्हणजे ज्यांवर निकाल द्यायचा ते प्रश्न, एका कोऱ्या कागदावर उतरवा. मनातले नकोत, फाईलमध्ये ऑर्डर 14 खाली काढलेले, त्याच शब्दांत. प्रत्येक मुद्द्यापुढं तीन गोष्टी लिहा: शाबितीचा भार कुणावर, आपला कागद कुठला, आणि उलटतपासातली ओळ कुठली. इथं आपल्याकडची पद्धत पाळा. महाराष्ट्रात निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदांचे नंबर) सरसकट एका मालिकेत पडतात; आपल्याकडे वादीचे कागद पी-1, पी-2 आणि प्रतिवादीचे डी-1, डी-2 असे चालतात. कोल्हापूरच्या मित्राचं टिपण नमुना म्हणून आणाल तर घोटाळा होईल. साक्षीतलं वाक्य घ्याल तेव्हा पान आणि ओळ घ्या. "डी. डब्ल्यू. 1 नं (प्रतिवादीच्या पहिल्या साक्षीदारानं) कबूल केलंय" असं हवेत बोललात की न्यायाधीश विचारतात, "कुठं?" मग तुम्ही पानं उलटत बसता, आणि त्या दोन मिनिटांत घडवलेलं सगळं सांडतं.

हे कोष्टक भरलं की एक गंमत दिसते. "मिळकत एकत्र कुटुंबाची आहे का" हा पहिला मुद्दा वादीवर असतो आणि ज्युनिअर मंडळी त्यावरच अर्धा तास घालवतात. अहो, भाऊच म्हणताहेत की वाटणी झाली. वाटणी व्हायला मिळकत आधी एकत्र असावी लागते. कैफियतीतला तो परिच्छेद वाचून दाखवा, कबूल गोष्ट शाबीत करावी लागत नाही एवढं सांगा आणि पुढं चला. खरी लढाई दुसऱ्या मुद्द्यावर आहे, 1998 ची तोंडी वाटणी. आणि तिचा भार भावांवर आहे, हे पहिल्याच वाक्यात आलं पाहिजे.

तिथं कायद्याची चौकट थोडक्यात मांडा. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निवाड्यानं मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीतली वाटेकरी, ठरते, हिंदू उत्तराधिकार कायद्याची केंद्रीय दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे स्पष्ट झालं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली वाटणी कायदा राखतो खरा, पण तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मानायचा नाही, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद म्हणून मानायचा, असंही त्याच निवाड्यात आहे. समोरचे वकील बहुधा त्याच कायद्याची कर्नाटकाची 1994 ची दुरुस्ती काढतील, कारण 30 जुलै 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना तिनं वगळलं होतं आणि तुमच्या अशिलाचं लग्न 1989 चं आहे. त्यांनी काढायच्या आत तुम्हीच काढा आणि सांगा की 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अटच नाही. समोरच्याचा हुकमी पत्ता आपण आधीच टेबलावर ठेवला की तो नुसता कागद उरतो.

पण निवाड्यानं केस जिंकत नाही, जमिनीच्या उताऱ्यानं जिंकते. 1998 ते 2012 चे उतारे ओळीनं लावा. नववा रकाना बघा: 2012 पर्यंत नाव एकट्या वडिलांचं. अकरावा रकाना बघा: 2006 साली पीकेपीएसचं (गावच्या शेती पतसोसायटीचं) पीककर्ज, बोजा सगळ्या 6 एकर 12 गुंठ्यांवर, कर्जदार वडील. सोसायटीच्या कर्जरोख्यावर जामीनदार म्हणून सह्या कुणाच्या? दोन्ही भावांच्या. इथं थांबा. घाई करू नका. न्यायाधीशांना तो कर्जरोखा हातात घेऊ द्या. मग एकच प्रश्न ठेवा: 1998 साली जमीन दोघांत वाटून गेली होती, तर आठ वर्षांनी बाप कुणाच्या जमिनीवर कर्ज काढत होता, आणि हे दोघे जामीन कशाला राहिले? त्याच्या पाठोपाठ दुसरा: त्या वाटणीत हयात असलेल्या बापाचा वाटा कुठला? कैफियतीत नाही, साक्षीत नाही, उताऱ्यात नाही.

मन वळवणं म्हणतात ते हेच. विशेषणं लागत नाहीत. "कपटी भाऊ", "अबला बहीण" असले शब्द आमच्या पिढीतले काही वकील अजून वापरतात. मी वापरत नाही. आपल्या गावांत भाऊबंदकी काय असते ते कुठल्याही न्यायाधीशाला तुम्ही शिकवायला नको. तपशील बोलू द्या. दिवाणीत शंकेच्या पलीकडचा पुरावा लागत नाही, संभाव्यतेचं पारडं कुठं झुकतं ते बघतात. तुमचं काम त्या पारड्यात कर्जरोखा ठेवायचं.

आता दुबळ्या बाजू. लपवू नका, कारण लपत नाहीत. बाराव्या, म्हणजे कसणाऱ्याच्या, रकान्यात 1999 पासून दोन भावांची नावं वेगवेगळी लागली आहेत, चुली वेगळ्या आहेत. हे स्वतः सांगा, आणि सांगा की सोयीसाठी वेगळं कसणं म्हणजे वाटणी नव्हे. उताऱ्याच्या नोंदीला कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 133 प्रमाणे खरेपणाचं गृहीतक आहे, पण उलट शाबीत होईपर्यंतच. आणि नोंदीनं मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 1996 च्या सावर्णी निवाड्यात सांगितलेलं आहे. तलाठ्यासमोरच्या जबाबाचं तेच. स्थावरातला शंभर रुपये किंवा जास्त किमतीचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. "हरकत नाही" या दोन शब्दांनी 84 गुंठे जात नाहीत.

84 कुठून आले? 6 एकर 12 गुंठे म्हणजे 252 गुंठे. तीन वारस, प्रत्येकी तिसरा हिस्सा, म्हणजे 2 एकर 4 गुंठे. हे गणित तोंडी सांगून सोडू नका, वंशावळीसकट लेखी द्या. हिश्श्याचं गणित चुकलेलं निकालपत्र मी पाहिलंय, आणि ती चूक वकिलाच्या टिपणातून तशीच उतरलेली होती.

प्लॉटचं काय करायचं? माझं मत विचाराल तर सोडून द्या. कुटुंब एकत्र आहे म्हणून प्रत्येक मिळकत एकत्र ठरत नाही. जिच्यातून ती मिळकत घेता आली असती एवढं एकत्र उत्पन्न होतं, हे दावा करणाऱ्यानं आधी दाखवायचं असतं. 1954 चा श्रीनिवास कांगो निवाडा याच गोष्टीवर आहे, आणि तो दावाही आपल्या शेजारच्या विजापूरकडचाच. थोरला भाऊ गोव्यात नोकरीला होता, त्याच्या पगाराचे कागद फाईलवर आहेत, आणि भाताच्या उत्पन्नातून प्लॉटचे पैसे कसे उरले याचा आपला एकही पुरावा नाही. मग त्यावर घसा कोरडा करून काय मिळणार? "दुसऱ्या परिशिष्टावर मी आग्रह धरत नाही" असं म्हटलंत की उरलेल्या बोलण्याला वजन येतं. मात्र अशिलाला आधी समजावून तिची लेखी संमती घ्या. नाहीतर निकालाच्या दिवशी ती आणि तिचा मुलगा तुमच्या दारात उभे.

आता भाषेचं. या प्रश्नावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपल्या पट्ट्यात दावे इथं हरतात.

साक्षीदार मराठीत बोलतो, साक्ष कन्नडमध्ये उतरते. ऑर्डर 18, नियम 6 सांगतो की साक्ष वेगळ्या भाषेत उतरवली आणि साक्षीदाराला ती भाषा कळत नसेल, तर लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं. गर्दीत हे नेहमी होतंच असं नाही. माझी स्वतःची गोष्ट सांगतो. वकिलीचं सहावं-सातवं वर्ष असेल. अशील म्हातारी बाई, उलटतपासात म्हणाली, "भाऊ वेगळे झालेत, ज्याचं त्याचं करून खातात." कागदावर उतरलं ते असं: भाऊ वेगळे होऊन आपापला हिस्सा कसतात. एक 'हिस्सा' शब्द जास्तीचा. मी त्या दिवशी साक्ष वाचून घेतली नाही, दुसऱ्या कोर्टात पळालो. युक्तिवादाच्या आदल्या रात्री ती ओळ दिसली आणि घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मी पंधरा मिनिटं सांगत होतो की बाईला असं म्हणायचंच नव्हतं. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "खाली तिचा अंगठा आहे. त्याच दिवशी अर्ज का दिला नाही?" उत्तर नव्हतं. दावा गेला. अपिलात थोडा सावरला, पण त्यात बाईची चार वर्षं गेली.

तेव्हा तुमच्या हातात आता दोनच गोष्टी आहेत. सगळ्या साक्षी मूळ कन्नडमधून स्वतः वाचा, कारकुनानं केलेल्या मराठी सारांशावरून नको. आणि अशी एखादी निसटती ओळ सापडलीच, तर ती एकटी वाचू देऊ नका. पूर्ण साक्ष वाचा. भाऊ "बेरे" (कन्नडमध्ये वेगळे) राहतात म्हणणारी साक्षीदार त्याच साक्षीत पुढं "वाटणी झाली नाही" म्हणते का, बापाच्या कर्जाचं बोलते का, ते दाखवा. एका वाक्यातल्या एका शब्दापेक्षा सगळी साक्ष आणि 2006 चा कर्जरोखा जड.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. न्यायाधीश बदलून येतात, पुष्कळदा दक्षिणेकडून, म्हैसूर-मंड्याकडून. त्यांना वर्दी, फोड, आकार, कूळ हे आपल्याकडचे शब्द ओळखीचे असतीलच असं नाही, कारण 1956 पूर्वी आपण मुंबई इलाख्यात होतो आणि जुनं दप्तर त्याच वळणाचं आहे. जुन्या खरेदीपत्रात मोडी असेल तर लिप्यंतर आणि भाषांतर पुराव्याच्या वेळीच दाखल झालेलं असावं. युक्तिवादात पहिल्यांदा काढलेलं भाषांतर कुणी घेत नाही. तीस वर्षांवरचा कागद योग्य ताब्यातून आला तर सही आणि अक्षर खरं मानतात, पण आतला मजकूर खरा आहे हे त्यानं शाबीत होत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा. दावा 1 जुलै 2024 च्या आधीपासून चालू असेल तर 1872 चाच पुरावा कायदा लागू, म्हणजे हे कलम 90. नंतरचा असेल तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 92. चुकीचा आकडा सांगितलात तर केस जात नाही, पण समोरचे सीनियर गालात हसतात.

तुमच्या अडखळण्याबद्दल: व्याकरणाची चूक कुणी मनावर घेत नाही. मी इतकी वर्षं कन्नड, इंग्रजी मिसळूनच बोलतो आणि साक्षीतला शब्द आला की तो जसाच्या तसा मराठीत उच्चारून मग अर्थ सांगतो. वादी, प्रतिवादी, कब्जा, हिस्सा हे शब्द दोन्हीकडे चालतात, तेवढ्यावर बरंच निभतं. अडचण होते ती पाठ केलेलं बोलायला गेल्यावर. न्यायाधीशांनी मध्येच प्रश्न विचारला की पाठांतर तुटतं. म्हणून पूर्ण भाषण लिहू नका. मुद्द्यांचं कोष्टक आणि पहिली तीन वाक्यं, बस. प्रश्न आला तर तिथल्या तिथं उत्तर द्या. "त्या मुद्द्यावर नंतर येतो" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. त्यांनी प्रश्न विचारला म्हणजे त्यांना अडलंय कुठं ते तुम्हाला फुकटात कळलं. उत्तर विरुद्ध जात असेल तर "हो, ती ओळ आहे" म्हणून टाका आणि मग तिचं वजन कमी का ते सांगा.

वेळ मागताना अर्धा तास मागा आणि पंचवीस मिनिटांत संपवा. ऑर्डर 18, नियम 2 मध्ये 2002 च्या दुरुस्तीनं पोटनियम आले: तोंडी युक्तिवाद संपण्याआधी कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद द्यायचा, स्वतंत्र मथळे करून, थोडक्यात, आणि त्याची प्रत समोरच्याला. नुसता लेखी युक्तिवाद देण्यासाठी पुढची तारीख सहसा मिळत नाही, तेव्हा तो त्या दिवशी पिशवीत असू द्या. मथळे म्हणजे कोर्टाचेच मुद्दे, त्याच क्रमानं. सहा-सात पानं पुष्कळ. शेवटच्या पानावर तुम्हाला हवा असलेला हुकूम शब्दशः लिहा: वादीचा तिसरा हिस्सा जाहीर करणारा प्राथमिक हुकूमनामा, आणि प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम 54 प्रमाणे, कर्नाटकानं ते बदललंय तसं, कोर्टामार्फतच, गरज पडल्यास कमिशनरच्या अहवालावरून.

निवाडे तीन, फार तर चार. पंधरा निवाड्यांची थप्पी दिली की एकही वाचला जात नाही. जो द्याल तो मूळ पूर्ण वाचलेला असावा. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर फुकट मिळतात. मोबाइलवर कुठल्या यंत्राला विचारून निवाडे उतरवायची सवय तुमच्या वयाच्या मुलांत वाढलीय म्हणून मुद्दाम सांगतो: बेंगळुरूच्या एका कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशात अस्तित्वातच नसलेले निवाडे आले आणि 2025 साली उच्च न्यायालयानं त्याची गंभीर दखल घेतली. आपण वकिलानं असलं काही दिलं तर त्या कोर्टात पुढची वीस वर्षं प्रत्येक निवाड्याची मूळ प्रत दाखवावी लागेल.

भावांच्या वकिलांचं झालं की वादीला उत्तराचा हक्क आहे. तो वापरा, पण सगळं पुन्हा सांगू नका. ते बोलत असताना एकच गोष्ट ऐका: 2006 च्या कर्जरोख्यावर ते काय म्हणतात. बहुधा काहीच म्हणणार नाहीत, चुली वेगळ्या असल्याचंच दळण दळतील. मग उठून एवढंच: "कर्जरोख्याबद्दल समोरून एक शब्द आलेला नाही." आणि बसा.

निकालानंतर एक काम राहतं, ते ज्युनिअर विसरतात. हुकूमनाम्याची नक्कल हातात आली की सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा दावा अर्जीशी ताडून बघा. एक हिस्सा नंबर चुकला तर पुढं भूमापनवाला मोजायला येणार नाही, आणि कलम 152 खाली दुरुस्तीचा अर्ज घेऊन तुम्हाला पुन्हा त्याच कोर्टात उभं राहावं लागेल.